२,६०,३२८ वरून ४८ वर: मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघ काठावर कसा आला?

२०१९ साली मुंबई उत्तर-पश्चिममधून शिवसेनेचे गजानन कीर्तिकर २,६०,३२८ मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी, ४ जून २०२४ रोजी, त्याच मतदारसंघात शिंदे गटाच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर जिंकले ते ४८ मतांनी. देशातल्या ५४३ जागांमधला हा त्या वर्षीचा सर्वांत कमी फरक. हरलेले उमेदवार होते ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर, म्हणजे आधीच्या खासदारांचे चिरंजीव.

निकालानंतर जोगेश्वरीच्या रिक्षा स्टँडपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत दोनच गोष्टी ऐकू येत होत्या. कुणी म्हणत होतं मशीनमध्ये काहीतरी झालं, कुणी म्हणत होतं अमक्या समाजाने एकगठ्ठा मत दिलं. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पाच वर्षांत या मतदारसंघातली माणसं बदलली नाहीत, वस्त्या बदलल्या नाहीत, सीमा तर तसूभरही हलल्या नाहीत. तरीही अडीच लाखांहून मोठं मताधिक्य विरघळून गेलं. ते का, हे समजलं की पुढची कुठलीही चुरशीची निवडणूक वाचायला सोपी जाते.

काठावरचा मतदारसंघ म्हणजे काय?

जिथे कुठल्याच पक्षाला 'ही जागा आपलीच' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, तो काठावरचा मतदारसंघ. याउलट शेजारचा मुंबई उत्तर पाहा. २०२४ मध्ये तिथे भाजपचे पीयूष गोयल साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. अशा जागेला सुरक्षित म्हणतात. दहिसर-बोरिवलीकडून येणारा द्रुतगती महामार्ग मालाडला पोहोचला की तुम्ही एका टोकाच्या राजकारणातून दुसऱ्या टोकाच्या राजकारणात शिरता. रस्ता तोच, बसही तीच.

इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तो लागणार आहे. एका मतदाराने आपलं मत एका उमेदवाराकडून काढून दुसऱ्याला दिलं, तर पहिल्याचं एक कमी होतं आणि दुसऱ्याचं एक वाढतं. म्हणजे फरक दोनाने बदलतो. त्यामुळे ४८ चा फरक उलटवायला ४८ माणसं लागत नाहीत, २५ पुरतात. २४ जणांनी मन बदललं असतं तर बरोबरी झाली असती आणि कायद्यानुसार चिठ्ठी टाकावी लागली असती. मुंबईकरांना हे नवं नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये असंच झालं होतं. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना समान मतं पडली आणि चिठ्ठीने शहांना नगरसेवक केलं.

४८ हा आकडा किती लहान आहे? वायकरांना ४,५२,६४४ आणि कीर्तिकरांना ४,५२,५९६ मतं मिळाली, मिळून नऊ लाखांच्या वर. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साधारण पाच हजार माणसं कोंबलेली असतात असं धरलं, तर या मतदारांनी एकशे ऐंशी लोकल भरल्या असत्या. निकाल ठरवणारी माणसं त्यातल्या एका डब्याच्या दाराशी मावली असती.

नकाशावर काय काय आहे?

या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व. पश्चिम रेल्वेचे रूळ आणि द्रुतगती महामार्ग यांनी त्याचे उभे तुकडे पाडले आहेत आणि या तुकड्यांमध्ये राहणाऱ्यांचं आयुष्य एकमेकांपासून बरंच वेगळं आहे.

समुद्राच्या बाजूने सुरुवात केली तर वेसाव्याचा कोळीवाडा लागतो. होड्या, सुकत घातलेली मासळी, गल्लीबोळांत एकमेकांना टेकलेली घरं. तिथून सात बंगला, यारी रोड, मग लोखंडवाला. टीव्ही मालिका आणि चित्रपटांत काम करणारी, किंवा काम मिळावं म्हणून देशभरातून आलेली माणसं या पट्ट्यात भाड्याने राहतात. त्यांतल्या अनेकांची नावं मतदारयादीत गावाकडेच असतात, त्यामुळे इथल्या इमारतीत राहणारी डोकी आणि इथल्या यादीतली नावं यांचा मेळ बसत नाही. थोडं आत आलं की ओशिवरा, बेहराम बाग आणि जोगेश्वरी पश्चिम लागतं, तिथे मुस्लिम वस्ती दाट आहे. आंबोलीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचं जुनं गावठाण आहे.

रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की वेगळंच शहर. जोगेश्वरीची मजासवाडी, मेघवाडी, दिंडोशीचं कुरार, अप्पा पाडा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून दोन-तीन पिढ्यांपूर्वी आलेली कोकणी कुटुंबं, घाटावरून आलेले कामगार आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले रिक्षाचालक, सुतार, रंगारी यांच्या या वस्त्या. शिवसेनेची शाखा इथे पाण्याच्या तक्रारीपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळ्याचा पत्ता होती आणि आजही आहे. त्याच भागात आरे कॉलनीतले वारली पाडे आहेत. फिल्म सिटीही इकडेच. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी आणि सीप्झ. तिथे मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य, ख्रिस्ती अशी मिसळ आहे.

गोरेगावचा उल्लेख जरा थांबून करायला हवा. हा समाजवाद्यांचा बालेकिल्ला होता. पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर उतरवणाऱ्या मृणाल गोरे इथल्याच. 'पाणीवाली बाई' ही ओळख त्यांनी याच गल्ल्यांत कमावली. दिंडोशीची नागरी निवारा वसाहत त्याच चळवळीतून उभी राहिली. पुढे समाजवादी पक्ष विरले, पण पक्षापेक्षा प्रश्नावर मत देण्याची सवय इथल्या जुन्या मतदारांत रुजली ती त्या काळात, असं माझं मत आहे. पक्षाच्या हिशेबात ही सवय बसत नाही, म्हणून तिचा विचारही होत नाही.

मग जात-धर्माची टक्केवारी सांगा की!

निवडणूक आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ते फिरतात: मराठी इतके टक्के, मुस्लिम इतके, उत्तर भारतीय इतके, गुजराती इतके. हे आकडे येतात कुठून?

जनगणना लोकसभा मतदारसंघानुसार होत नाही. ती जिल्हा, तालुका, वॉर्ड यांनुसार होते आणि वॉर्डांच्या सीमा मतदारसंघाच्या सीमांशी जुळत नाहीत. शेवटची जनगणना २०११ ची. तिच्यानुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती आणि दर पाच माणसांत साधारण एक मुस्लिम होता. पण हा आकडा पूर्ण उपनगराचा आहे, या एका मतदारसंघाचा नाही. दुसरीकडे मतदारयादीत नाव, वय, लिंग, पत्ता असतो. जात किंवा धर्म नसतो. मातृभाषाही नसते.

म्हणजे फिरणारे तक्ते यादीतली आडनावं वाचून बांधलेले अंदाज असतात. 'शेख' किंवा 'परब' ओळखता येतं, पण 'पाटील' आगरी की कोळी की मराठा की गुजराती, हे यादी सांगत नाही. अंधेरी पूर्वेचे आमदार मुरजी पटेल आहेत आणि त्याच गल्लीत पाटीलही राहतात. टंकलेखनात एका अक्षराची गडबड झाली की तक्त्यातला समाज बदलतो. पक्षांना हे अंदाज प्रचाराच्या नियोजनापुरते उपयोगी पडत असतील. निकालाचं कारण म्हणून ते सांगणं मात्र मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्यातून एका वस्तीतल्या माणसांनी दुसऱ्या वस्तीकडे बोट दाखवण्यापलीकडे काही निघत नाही. १९९३ च्या जानेवारीतल्या दंगलीत जोगेश्वरीने राधाबाई चाळ जळताना पाहिली आहे. तिथे असं बोट दाखवण्याची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे.

इतिहास: ही जागा कधी कुणाची होती?

१९६७ पासूनची यादी पाहिली तर या जागेचा स्वभाव कळतो. आधी काँग्रेसचे शांतीलाल शहा. १९७१ ला काँग्रेसचेच ह. रा. गोखले, जे आणीबाणीत देशाचे कायदामंत्री होते. १९७७ ला आणीबाणीचा राग मतपेटीतून बाहेर आला आणि परदेशातून परतलेले वकील राम जेठमलानी यांनी कायदामंत्र्यालाच पाडलं. १९८० ला देशात इंदिरा गांधी परतल्या, पण इथे जेठमलानी टिकले. १९८४ ला सुनील दत्त पहिल्यांदाच उभे राहिले आणि त्यांनी जेठमलानींना हरवलं. १९८९ आणि १९९१ लाही दत्तच.

१९९६ ला दत्त रिंगणात नव्हते. शिवसेनेचे मधुकर सरपोतदार जिंकले, १९९८ लाही तेच. १९९९ ला दत्त परतले आणि सरपोतदार हरले. २००४ ला दत्तांनी शिवसेनेच्या उमेदवाराचा सुमारे ४७ हजारांनी पराभव केला. तो उमेदवार होता संजय निरुपम. पुढे निरुपम काँग्रेसमध्ये गेले, २०१९ ला इथूनच काँग्रेसतर्फे शिवसेनेविरुद्ध लढून हरले, आणि २०२४ च्या विधानसभेला दिंडोशीतून शिंदे गटाच्या शिवसेनेतर्फे उभे राहून ठाकरे गटाच्या सुनील प्रभूंकडून हरले. तीन निवडणुका, दोन पक्षचिन्हं, एकच परिसर. मतदाराला कशाकशाची उजळणी करावी लागते याचा अंदाज यावा.

२००५ मध्ये सुनील दत्त गेले आणि पोटनिवडणुकीत त्यांची कन्या प्रिया दत्त निवडून आल्या. पण आज आपण ज्याला मुंबई उत्तर-पश्चिम म्हणतो तो हा मतदारसंघ नव्हे. २००८ ला सीमांची पुनर्रचना झाली. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याकडचा भाग मुंबई उत्तर-मध्यमध्ये गेला आणि उत्तरेकडून गोरेगाव, दिंडोशी आत आले. प्रिया दत्तही उत्तर-मध्यमध्ये गेल्या. नाव तेच राहिलं, मतदार निम्म्याहून बदलले. म्हणून 'दत्तांचा बालेकिल्ला' वगैरे आज म्हणण्यात अर्थ नाही.

नव्या सीमांवरची पहिली निवडणूक २००९ ची. काँग्रेसचे गुरुदास कामत ३८,३८७ मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर गजानन कीर्तिकर. मनसेच्या शालिनी ठाकरे यांनी सव्वा लाखाच्या आसपास मतं घेतली, म्हणजे कामतांच्या मताधिक्याच्या तिपटीहून जास्त. शिवसेनेचा मतदार दोन घरांत वाटला गेला की काँग्रेस जिंकते, हे तेव्हाच दिसलं होतं. २०१४ ला मोदी लाटेत कीर्तिकर १,८३,०२८ मतांनी जिंकले. मनसेच्या महेश मांजरेकर यांना ६६ हजारांच्या आसपास मतं मिळाली. २०१९ ला मनसे मैदानात नव्हती आणि मताधिक्य २,६०,३२८ झालं.

पाच वर्षांत नक्की बदललं काय?

२०१९ ला कीर्तिकरांना ५,७०,०६३ आणि निरुपम यांना ३,०९,७३५ मतं होती. मघाचा दोनाचा हिशेब लावा: २,६०,३२८ चा फरक शून्यावर आणायला साधारण एक लाख तीस हजार मतदारांनी बाजू बदलायला हवी. एवढ्या लोकांचं मन खरंच फिरलं का?

माझं उत्तर असं: मन फिरलं नाही, पारडी नव्याने मांडली गेली. २०१९ ला एका बाजूला शिवसेना आणि भाजप होते, दुसऱ्या बाजूला काँग्रेस आणि राष्ट्रवादी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिवसेनेने भाजपची साथ सोडली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २०२४ ला एका बाजूला ठाकरे गट, काँग्रेस, शरद पवारांची राष्ट्रवादी. दुसऱ्या बाजूला शिंदे गट, भाजप, अजित पवारांची राष्ट्रवादी, आणि पाठिंबा देणारी मनसे. म्हणजे वर्षानुवर्षं धनुष्यबाणाला मत देणारा कुरारमधला एक शिवसैनिक ठाकरे गटाच्या मशालीकडे वळला तर तो स्वतःच्या मते पक्ष बदलतच नव्हता. त्याचा शेजारी धनुष्यबाणावरच राहिला, तोही बदलत नव्हता. दोघंही निष्ठावान, आणि दोघंही आता एकमेकांविरुद्ध. त्याच वेळी आयुष्यभर शिवसेनेविरुद्ध मत दिलेला बेहराम बागेतला मतदार मशालीसमोर बटण दाबत होता, कारण त्याच्या काँग्रेसने तो उमेदवार मान्य केला होता.

ही फूट घराघरात गेली होती. वडील गजानन कीर्तिकर नोव्हेंबर २०२२ मध्ये शिंदे गटात गेले, मुलगा ठाकरे गटाचा उमेदवार. समोरचे वायकर मार्च २०२४ पर्यंत ठाकरे गटाचे जोगेश्वरी पूर्वचे आमदार होते. अनेक वर्षं नगरसेवक, मग सलग तीन वेळा आमदार. दोन्ही उमेदवार एकाच शाखेच्या जाळ्यातून आलेले. दोघांचीही नावं वेगवेगळ्या प्रकरणांत ईडीच्या चौकशीत आलेली. तेव्हा मतदाराने निवड कशावर करायची हा प्रश्न खराच होता, आणि निम्म्यानिम्म्याने फुटलेला निकाल हे त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर होतं.

लोकसंख्येची रचना पिढ्यांनी बदलते, आघाड्या एका रात्रीत. या मतदारसंघाला काठावर आणलं ते आघाड्यांनी.

पोस्टल मतांनी निकाल फिरवला म्हणजे काय?

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. फक्त ईव्हीएमची मतं मोजली तर वायकर ४,५१,०९४ आणि कीर्तिकर ४,५१,०९५. कीर्तिकर एका मताने पुढे होते. पोस्टल मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. तिथे वायकर ४९ ने पुढे. एक वजा, उरले ४८.

पोस्टल मत कोण देतं? सैन्यदलातले मतदार, निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी, ८५ वर्षांवरचे नागरिक, ठरावीक प्रमाणाहून जास्त अपंगत्व असलेले लोक, अत्यावश्यक सेवेतले काही जण. मतपत्रिका एका आतल्या लिफाफ्यात असते. तिच्याबरोबर एक घोषणापत्र द्यावं लागतं, त्यावर मतदाराची सही आणि ती साक्षांकित करणाऱ्या अधिकाऱ्याची सही लागते. हे दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात जातं. मोजणीच्या टेबलावर आधी बाहेरचा लिफाफा उघडतात. घोषणापत्र नसेल, सही नसेल, साक्षांकन नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद. आत कुणाला मत दिलंय हे कधीच कळत नाही.

गोरेगावच्या नेस्को केंद्रात झालेल्या मोजणीत अशी १११ पोस्टल मतं बाद झाली. फरक ४८, बाद मतं १११. म्हणूनच नियम असा आहे की विजयाचा फरक बाद झालेल्या पोस्टल मतांपेक्षा कमी असेल, तर ती सगळी बाद मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पुन्हा तपासायची. ती तपासली गेली आणि निकाल कायम राहिला. या १११ जणांत निवडणुकीच्या ड्यूटीवर उन्हातान्हात उभे राहिलेले शिक्षक असतील, पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजी असतील. एका सहीसाठी त्यांचं मत गेलं, याची हळहळ मला निकालापेक्षा जास्त वाटते. साक्षांकनाची ही पद्धत सोपी करता येईल, आणि करायला हवी.

मशीन ओटीपीने उघडलं होतं ना?

निकालानंतर मतमोजणी केंद्रात मोबाईल वापरल्याबद्दल वनराई पोलीस ठाण्यात एका उमेदवाराच्या नातेवाइकावर गुन्हा नोंदला गेला. त्यावरून 'मोबाईलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं' अशी बातमी छापून आली आणि देशभर पसरली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन ती नाकारली आणि वृत्तपत्रानेही चूक मान्य केली.

ईव्हीएम कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, त्याला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो निवडणूक आयोगाच्या संगणक प्रणालीत आकडे भरायला, म्हणजे मोजून झालेली मतं नोंदवायला. शिवाय प्रत्येक केंद्रावर मतदान संपताना किती मतं पडली याचा लेखी हिशेब उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिला जातो, आणि दर विधानसभा मतदारसंघातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रांच्या, चिठ्ठ्या मोजून ताळा केला जातो. मोजणी केंद्रात मोबाईल आत गेलाच कसा, हा प्रश्न मात्र गंभीर होता आणि तो विचारणाऱ्यांचं काही चुकलं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की चर्चा रुळावर राहते.

न्यायालयात काय झालं?

अमोल कीर्तिकर यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली. तिच्यातला एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे: प्रदत्त मत. तुम्ही केंद्रावर गेलात आणि कळलं की तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय, तर तुम्ही ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देऊ शकता. ती पाकिटात बंद करून बाजूला ठेवतात, सहसा मोजत नाहीत. याचिकेत म्हटलं होतं की या मतदारसंघात अशी ३३३ प्रकरणं घडली, म्हणजे तितकी बोगस मतं मशीनमध्ये मोजली गेली, आणि फरक तर ४८ चाच आहे.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण निवडणूक रद्द करायची तर गैरप्रकाराने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे नेमक्या तपशिलांनिशी मांडावं लागतं. ती बोगस मतं कुणाला पडली हे मशीन सांगत नाही. फरक कमी आहे एवढ्या कारणाने फेरमोजणी मागता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्याच्या चौकटीत निर्णय समजण्यासारखा आहे. तरीही तुमचं मत कुणी दुसरंच देऊन गेलं आणि तुमची मतपत्रिका पाकिटातच राहिली, ही व्यवस्था समाधानकारक आहे असं मला म्हणवत नाही.

नोटाचं मत वाया गेलं का?

इथे नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाला, १५,१६१ मतं पडली. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे दहा हजार. यातले पन्नास जण इकडे-तिकडे झाले असते तर खासदार दुसरा असता, असं कार्यकर्ते चिडून सांगतात. हिशेब बरोबर आहे, राग चुकीच्या माणसांवर आहे. नोटाचं बटण दाबणाऱ्याने रांगेत उभं राहून दोन्ही पक्षांना नकार कळवला. अंधेरी पूर्वने हे आधीही केलं होतं: नोव्हेंबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवारी मागे घेतल्यावर ठाकरे गटाच्या ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन जिंकल्या आणि नोटा १२,८०६ मतांसह दुसऱ्या क्रमांकावर होती.

खरी मोठी संख्या वेगळीच आहे. साडेसतरा लाखांच्या आसपास मतदार, आणि मतदान ५५ टक्क्यांच्याही किंचित खाली. म्हणजे पावणेआठ लाखांच्या घरात लोकांनी मतच दिलं नाही. २० मे, सोमवार. शाळांना सुट्टी, कोकणातली घरं उघडलेली. यादीत नाव इथे आणि राहायला विरार-बदलापूरला गेलेली कुटुंबंही यातच. पुनर्विकासात चाळ पडली की माणसं भाड्याच्या घरात विखुरतात, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. अशांना आळशी म्हणणं सोपं आहे. त्यांना यादीत वेळेवर नवा पत्ता मिळेल असं बघणं कुणाच्याच प्रचारात नसतं.

४८ चा निकाल अपघात होता का?

अपघात असता तर पुढच्या निवडणुकीत तोल एका बाजूला गेला असता. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि राज्यभर महायुतीची लाट आली. या सहा जागांचा निकाल मात्र तीन-तीन लागला. गोरेगाव आणि अंधेरी पश्चिम भाजपकडे, अंधेरी पूर्व शिंदे गटाकडे. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी आणि वर्सोवा ठाकरे गटाकडे. २०१९ ला या सहाही जागा भाजप-शिवसेना युतीच्या होत्या. जोगेश्वरी पूर्वमध्ये खासदार वायकरांच्या पत्नी मनीषा वायकर आणि वर्सोव्यात भाजपच्या भारती लव्हेकर, दोघींचाही पराभव दोन हजारांच्या आतल्या फरकाने झाला.

लाटेतही तराजू मध्येच थांबला, म्हणजे या मतदारसंघाचं काठावर असणं आता पक्कं झालंय. निदान २०२४ च्या आघाड्या टिकेपर्यंत. उद्या दोन सेना एकत्र आल्या किंवा आघाड्या नव्याने जुळल्या, तर हाच मतदारसंघ पुन्हा लाख-दीड लाखाचं मताधिक्य दाखवेल आणि कुरारमध्ये एकही नवं माणूस राहायला आलेलं नसेल.

सीमा बदलल्या तर?

लोकसभेच्या जागांची संख्या गोठवलेली आहे ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. त्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यानंतर पुनर्रचना आयोग नव्या रेषा आखेल. दिंडोशी उत्तरेकडे गेलं तर काय, अंधेरी पूर्व दक्षिणेला जोडलं तर काय, यावर निकाल ठरू शकतो. आयोगाचा मसुदा लोकांसमोर ठेवला जातो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते. २००८ च्या पुनर्रचनेवेळी वांद्र्याचं आणि गोरेगावचं काय होणार याची चर्चा प्रामुख्याने पक्ष कार्यालयांतच राहिली. या वेळी गृहनिर्माण संस्था, कोळीवाडे आणि पाडे यांनीही आपापली हरकत लेखी द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण एक वस्ती दोन मतदारसंघांत चिरली गेली की तिचं पाणी, रस्ता, पुनर्विकास या कुठल्याच कामाला नक्की कुठला खासदार जबाबदार हे ठरत नाही.

पुनर्रचनेशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. २०२३ च्या घटनादुरुस्तीनुसार लोकसभेत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव होतील, त्या पुनर्रचनेनंतरच. १९६७ पासून मुंबई उत्तर-पश्चिम या नावाच्या मतदारसंघाने एकच महिला खासदार पाहिली आहे, प्रिया दत्त, आणि त्याही पोटनिवडणुकीतून आलेल्या. जागा राखीव झाली तर दोन्ही सेनांना इथे नवा चेहरा शोधावा लागेल. मनीषा वायकर, ऋतुजा लटके, भारती लव्हेकर या तिघी २०२४ ला याच परिसरातून लढल्या आणि हरल्या. गोरेगावच्या विद्या ठाकूर जिंकल्या. उमेदवारांची वाण नाही.